मानमंदिर : काशीच्या गंगातीरावरील एक राजवाडा

काशीयात्रा करून आलेल्या मंडळींनी घरी येऊन सांगावयाच्या गोष्टी जवळजवळ ठरलेल्याच असतात. विश्वेश्वराचे दर्शन, मणिकर्णिकेवरील स्नान, अरुंद गल्ल्यांतून अंगावर येणारे बैल, आणि परतीच्या गाडीत गंगोदकाचे गडू सांभाळताना झालेली त्रेधा. ऐकणारेही त्याच गोष्टी ऐकावयास उत्सुक असतात. त्यांत काही कमी पडले तर यात्रा अपुरी राहिली असे त्यांस वाटते. आम्ही गेल्या कार्तिकात सहकुटुंब काशीस जाऊन आलो तेव्हा या सर्व गोष्टी यथासांग घडल्या. पण दशाश्वमेध घाटापासून उत्तरेकडे अगदी थोड्या पावलांवर असलेल्या ज्या एका वास्तूत आमची एक सबंध दुपार गेली, तिच्याविषयी विचारणारा आप्तेष्टांत कोणीही भेटला नाही. म्हणून तो वृत्तांत येथे सादर करीत आहो.

ही वास्तू म्हणजे मानमंदिर. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील मानमंदिर वेगळे. ते तोमर कुळातील राजा मानसिंहाचे असून या वाड्यापेक्षा सुमारे शंभर वर्षांनी जुने आहे. काशीचे मानमंदिर आंबेरच्या कछवाह मानसिंहाने इ. स. १६०० च्या सुमारास बांधविले. हा मानसिंह म्हणजे अकबराचा सेनापती, हळदीघाटच्या रणात (१५७६) महाराणा प्रतापांच्या समोर उभा ठाकलेला. त्याचे नाव निघाले की आपल्याकडे भुवया थोड्या आकुंचित होतात, आणि ते स्वाभाविकही आहे. आमचे कनिष्ठ बंधू तर घाटावरच म्हणाले, "दादा, प्रतापांच्या वैऱ्याचे घर पाहावयास आपण एवढ्या उन्हात का जायचे?" यावर आम्ही इतकेच म्हटले की, घर पाहिल्याने धन्याच्या राजकारणास संमती दिल्यासारखे होत नाही. शिवाय ज्या पुरुषाने वृंदावनात गोविंददेवाचे विशाल देवालय १५९० मध्ये पुरे करविले व रोहतासगडावर स्वतःसाठी प्रासाद उठविला, त्याच्या बांधकामाच्या हौसेविषयी तरी शंका घेता येत नाही.

मानसिंहाने काशीत घर का बांधावे, याचे उत्तर नकाशा उघडला म्हणजे मिळते. १५८७ मध्ये त्याची नेमणूक बिहार सुभ्यावर झाली आणि १५९४ मध्ये बंगालवर. आंबेर-आग्र्याकडून पूर्वेस जाणाऱ्याच्या वाटेवर, गंगेच्याच काठी, काशी पडते. सेवेत असलेल्या सरदारास मुक्कामाला जागा हवी, कुटुंबातील स्त्रियांस पर्वकाळी स्नानाची सोय हवी, आणि कुळाचे नाव क्षेत्रात राहावे ही इच्छा तर प्रत्येक राजकुळास असतेच. त्या काळची काशी मोठ्या उमेदीत होती. पैठणहून तेथे जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांच्या प्रेरणेने विश्वेश्वराचे देवालय पुन्हा उभे राहिले होते. त्याच घराण्यातील गागाभट्टांनी पुढे १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींस राज्याभिषेक केला, हे वाचकांस ठाऊकच आहे. मानसिंहाचा वाडा उठला तो अशा वेळी.

या वाड्याचे दर्शन प्रथम नावेतून घ्यावे, असे आमचे मत आहे. काशीस गंगा आपला नेहमीचा पूर्वाभिमुख ओघ सोडून उत्तरेकडे वळते आणि धनुष्याकार वळण घेते. त्या धनुष्याच्या पश्चिम काठावर सारे घाट व राजवाडे दाटीवाटीने उभे आहेत, आणि समोरचा काठ मात्र मोकळी वाळू. नाव मानमंदिरासमोर आली की प्रथम दिसते ती खालची उंच, जवळजवळ बिनखिडक्यांची, दगडी भिंत. तिच्याकडे पाहून आमच्या वहिनी म्हणाल्या, "हा वाडा की तुरुंग?" प्रश्न अगदी योग्य होता, आणि त्याचे उत्तर नदीपाशी आहे. उन्हाळ्यात साठ मीटर पातळीच्याही खाली असणारे गंगेचे पाणी पावसाळ्यात कोठवर चढते, याची कल्पना आपल्याकडच्या नद्या पाहणाऱ्यास येत नाही. काशीस धोक्याची पातळी ७१.२६ मीटर धरतात, आणि १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९ मीटरपर्यंत चढले होते. म्हणजे कोरड्या दिवसांत आपण ज्या पायरीवर उभे राहून अर्घ्य देतो तिच्यावर भाद्रपदात तीन-चार मजले पाणी असू शकते. अशा नदीकाठी घर बांधणाऱ्याने खालचे अंग किल्ल्यासारखे ठेवावयाचे आणि राहावयाचे ते वर, हाच नियम. काशीच्या घाटावरील सर्वच राजवाडे या नियमाने बांधलेले आहेत. भिंत जितकी आंधळी तितकी ती शहाणी. दगड चुनारचा, म्हणजे काशीच्या वरच्या अंगास गंगेच्याच काठी असलेल्या डोंगरातला. तो नावेत घालून प्रवाहाबरोबर खाली आणणे सोपे जाई. रंगाने फिका पिवळट, हाताला बारीक रव्याचा, आणि कोरीव कामास मऊ.

ही आंधळी भिंत जेथे संपते तेथून पुढे मात्र कारागिराने हात आखडता घेतलेला नाही. वाड्याच्या उत्तर टोकास पाण्यावर झुकलेला एक दगडी सज्जा आहे. कोरीव घोड्यांवर तोललेला, बारीक खांबांचा, वर छज्जा असलेला हा झरोका पाहिला की आपल्याकडील लाकडी गवाक्षांची आठवण होते. किंबहुना लाकडाचीच कला दगडात उतरविलेली आहे असे वाटते. हिंदुस्थानच्या शिल्पाचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स फर्ग्युसनने १८७६ च्या आपल्या ग्रंथात या सज्जाचे मुद्दाम चित्र दिले आहे. त्याचे महत्त्व दुहेरी आहे. वाड्याचा वरचा पुष्कळसा भाग जीर्ण होऊन एकोणिसाव्या शतकात नव्याने बांधला गेला. मानसिंहाच्या काळचे म्हणून निःशंकपणे बोट दाखवावे असे जे उरले त्यांत हा सज्जा मुख्य. तेव्हा नावेतून जाताना नावाडी जे काही दाखवीत असेल ते दाखवू द्यावे, आपण दृष्टी उत्तरेच्या कोपऱ्यावर ठेवावी.

आता वाड्याच्या नावाची एक गंमत सांगतो. मानमंदिर म्हणजे मानसिंहाचे मंदिर, हा सरळ अर्थ. परंतु संस्कृतात 'मान' म्हणजे मोजणे, माप. मानसिंहाच्या हयातीत हा दुसरा अर्थ कोणाच्या मनातही आला नसेल. तो खरा होण्यास सुमारे सव्वाशे वर्षे लागली, आणि तो खरा करणारा पुरुष त्याच्याच कुळात जन्मास आला.

तो पुरुष सवाई जयसिंह, जयपूर नगराचा संस्थापक. जन्म १६८८, मृत्यू १७४३. आपल्या वाचकांस त्याचे पूर्वज मिर्झाराजे जयसिंह अधिक परिचित असतील. १६६५ चा पुरंदरचा तह ज्यांच्याशी झाला ते. सवाई जयसिंहाचाही मराठ्यांशी पुष्कळ संबंध आला, पण तो पुष्कळ अंशी सलोख्याचा. १७३५ साली थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस निघाल्या असता जयपुरास त्यांचा मोठा आदरसत्कार झाला. आज ज्या दशाश्वमेध घाटावरून आपण मानमंदिराकडे जातो तो घाटही १७४८ मध्ये बाळाजी बाजीराव पेशव्यांनी बांधविला असे सांगतात. पेशव्यांचा घाट आणि जयपूरकरांचा वाडा असा हा शेजार आहे.

जयसिंहास ज्योतिषाचे वेड होते, आणि हे वेड फलादेशाचे नसून वेधाचे होते. ग्रंथावरून काढलेले ग्रहांचे स्थान आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारे स्थान यांत अंतर पडते, हे त्यास सहन होईना. पितळेची लहान यंत्रे त्याने करून पाहिली. त्यांचे आस झिजत, मध्य सरकत, आणि अंशाचे बारीक विभाग पाडावयास जागा पुरेना. तेव्हा त्याने ठरविले की, यंत्रेच दगडचुन्याची व प्रचंड करावी, म्हणजे ती हलणार नाहीत आणि विभाग ठसठशीत पडतील. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा व काशी अशा पाच ठिकाणी त्याने वेधशाळा उभारल्या, एका ठिकाणचा वेध दुसऱ्या ठिकाणच्या वेधाने पडताळावा म्हणून. पोर्तुगालपर्यंत माणसे पाठवून तिकडील कोष्टके आणविली, आणि त्यांतील चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक आहे असे आपल्या वेधांवरून दाखवून दिले. त्याच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने युक्लिडच्या भूमितीचे 'रेखागणित' या नावाने संस्कृतात भाषांतर केले. हा इतिहास आम्हांस प्रथम कळला तो शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास' या १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरून. दीक्षितही व्यवसायाने शिक्षक होते, हे येथे नमूद करताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी सोसावा.

दिल्ली, जयपूर व उज्जैन येथे जयसिंहाने यंत्रे जमिनीवर उभारली. काशीत तशी जमीन कोठून मिळणार? घाटाजवळच्या गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीस चिकटावे लागते. पण कुळाचा वाडा होता, त्याचे छत विस्तीर्ण होते, खालच्या भिंती पुराला तोंड देण्याइतक्या जाड होत्या, आणि वर चढले की पूर्वेस गंगेपलीकडे क्षितिजापर्यंत काहीच आड येत नव्हते. ज्या कारणाने मानसिंहाने भिंती जाड केल्या त्याच कारणाने जयसिंहास छतावर शेकडो मणांचा दगड चढविता आला. १७३७ हे या यंत्रांचे साल सामान्यतः दिले जाते.

आमचा या गोष्टीशी संबंध थोडा जुना आहे. शाळेत आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ मुलांस पटांगणात काठी रोवून छाया मोजावयास शिकविले, फळ्यावर याम्योत्तरवृत्त काढले, अक्षांश व क्रांती समजावून दिली. पण ज्या यंत्रांची नावे आम्ही तोंडपाठ सांगत असू त्यांतील एकही प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. एकदा एका चुणचुणीत विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, सम्राटयंत्र तुम्ही पाहिले आहे काय?" आम्ही फळा पुसू लागलो. हा प्रसंग बरीच वर्षे मनात टोचत होता. काशीस जाण्याचे मुख्य कारण आमच्या मातोश्रींच्या नावे करावयाचे विधी हेच होते. त्यांची यात्रेची इच्छा हयातीत पुरी झाली नाही. ते कर्तव्य पार पडल्यावर एक दुपार आम्ही आपल्यासाठी मागून घेतली.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. दहाच्या सुमारास आम्ही, बंधू, वहिनी आणि तेरा वर्षांचा नातू असे चौघे वाड्यात शिरलो. तिकीट काढून, चौक पाहून, जिना चढून छतावर आलो. वर पाऊल टाकताच जी गोष्ट लक्षात आली ती आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचलेली नव्हती. यंत्रे वाड्याला तिरपी आहेत. वाड्याची भिंत एका दिशेने जाते आणि यंत्रांच्या भिंती भलत्याच दिशेने. नातवास वाटले, गवंड्याची चूक झाली. वहिनींसही तसेच वाटले, पण त्या बोलल्या नाहीत.

वास्तविक या वाड्याचे सारे मर्म त्या तिरपेपणात आहे. नदी येथे नीट उत्तरेकडे वाहत नाही. वळणामुळे तिचा रोख ईशान्येस आहे. मानसिंहास गंगा पाहावयाची होती, म्हणून त्याचा वाडा गंगेला समांतर. जयसिंहास ध्रुव पाहावयाचा होता; म्हणून त्याची भिंत दक्षिणोत्तर रेषेत, मग खालचे घर कोणत्याही दिशेने असो. एकाच कुळातील दोन पुरुषांनी एकाच जागी उभे राहून दोन निरनिराळ्या गोष्टींकडे पाहिले, आणि त्या दोन दृष्टींमधील कोन दगडात कायम राहिला आहे. घाटावरून हे दिसत नाही. छतावर गेले पाहिजे.

यंत्रांपैकी मोठे सम्राटयंत्र प्रथम सांगितले पाहिजे. सुमारे ३६ फूट लांब व साडेचार फूट रुंद अशी ही एक भिंत असून तिचा माथा उतरता आहे. दक्षिण टोकास सुमारे सहा फूट तर उत्तर टोकास बावीस फूट उंच. उताराचा कोन काशीच्या अक्षांशाइतका, म्हणजे २५ अंश १८ कला. त्यामुळे माथ्याची कड बरोबर ध्रुवाकडे रोखलेली असते. भिंतीच्या दोन्ही बाजूंस वर्तुळाच्या चतुर्थांशाचे दगडी पंखे आहेत, त्यांवर घटिका व अंश कोरलेले. सकाळी भिंतीची छाया पश्चिमेच्या पंख्यावर पडते, दुपारनंतर पूर्वेच्या. आणि मध्यान्ही ती कोठेच नसते. सूर्य एका घटिकेत सहा अंश सरकतो, म्हणून सहा अंशांची एक घटिका, चोवीस मिनिटांची. जयपूरचे सम्राटयंत्र याच जातीचे पण नव्वद फूट उंच आहे. त्याच्या मानाने हे धाकटे भावंड. छतावर त्याचेच एक लहान रूपही आहे.

भिंतीयंत्र मात्र आम्हांस सर्वांत अधिक आवडले, कारण ते इतके साधे आहे की आमच्या शाळेच्या पटांगणातही बांधता आले असते. दक्षिणोत्तर उभी एक भिंत, तिच्या वरच्या कोपऱ्यांत खुंट्या, आणि खुंटीभोवती कोरलेला अंशांचा चाप. मध्यान्ही खुंटीची छाया चापावर जेथे पडेल तेथे सूर्याचे नतांश वाचावयाचे. एवढ्यावर काय काढता येते ते पाहा. वर्षातील सर्वांत लहान नतांश काशीस १ अंश ५२ कला, सर्वांत मोठे ४८ अंश ४४ कला. दोहोंची बेरीज करून निम्मी केली की २५ अंश १८ कला, हे काशीचे अक्षांश. वजाबाकी करून निम्मी केली की २३ अंश २६ कला, ही सूर्याची परमक्रांती. बेरीज, वजाबाकी आणि भागिले दोन. मराठी चौथीतील मुलगा हे गणित करील. जयसिंहाने ही परमक्रांती २३ अंश २८ कला मोजली होती. त्याची चूक झाली असे मात्र कोणी समजू नये. परमक्रांती शंभर वर्षांत सुमारे ४७ विकलांनी घटत असते. तीन शतकांच्या हिशेबाने दोन कलांचा फरक पडलाच पाहिजे.

याखेरीज दिगंश मोजण्यासाठी एकात एक अशा दोन गोल भिंती असलेले दिगंशयंत्र, विषुववृत्ताच्या पातळीत तिरपी बसविलेली नाडीवलयाची दगडी चकती, आणि दोन भिंतींच्या मध्ये आसावर फिरणारे धातूचे चक्रयंत्र आहे. ज्यांस गणिताची गोडी आहे त्यांनी ती सावकाश पाहावीत; इतरांनी नाडीवलयाचा एक चमत्कार तरी पाहावा. सूर्य उत्तरगोलात असता त्याच्या उत्तरेच्या तोंडावर ऊन असते, दक्षिणगोलात गेला की दक्षिणेच्या तोंडावर. चैत्रात व आश्विनात ऊन बाजू बदलते.

आता आमच्या मुख्य प्रसंगाकडे येतो. साडेअकराच्या सुमारास तरुण मंडळींचा एक घोळका वर आला. त्यांतील एकाने सम्राटयंत्राच्या पंख्यावरील छाया पाहिली, मनगट पाहिले, आणि मोठ्याने म्हणाला की हे घड्याळ केव्हाच बिघडलेले आहे. सारे हसले व चालते झाले. त्यांचे आम्हांस फारसे वाटले नाही; पण नातू आमच्याकडे वळून हळूच म्हणाला, "आजोबा, ते खरेच आहे. माझ्या घड्याळापेक्षा हे अठरा मिनिटे पुढे आहे." तेव्हा मात्र आम्हांस फळा पुसण्याचा तो जुना प्रसंग आठवला, आणि या वेळी आम्ही पाठ फिरविली नाही.

आम्ही त्यास छतावरच बसविले. म्हटले, "तुझे घड्याळ कोणती वेळ दाखविते?" तो म्हणाला, "खरी." आम्ही म्हटले, "कोठली खरी?" तुझे घड्याळ साऱ्या हिंदुस्थानसाठी ठरविलेली वेळ दाखविते, आणि ती साडेब्याऐंशी रेखांशावरची. काशी त्या रेषेच्या पूर्वेस सुमारे अर्ध्या अंशावर आहे. एका अंशास चार मिनिटे. म्हणून काशीस सूर्य दोन मिनिटे आधी माथ्यावर येतो. (आपल्या पुण्यास हाच हिशेब उलट असून तो चौतीस मिनिटांचा पडतो, तेथे पंचांग व घड्याळ यांची तोंडे का फिरलेली असतात ते यावरून समजावे.) राहिली सोळा मिनिटे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती सम गतीने नव्हे, आणि तिचा आस कललेला आहे. या दोन कारणांनी सूर्याचा दिवस कधी चोवीस तासांहून किंचित मोठा तर कधी लहान असतो. घड्याळाचे यंत्र मात्र सर्व दिवस सारखे धरून चालते. हा फरक साठत साठत नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे साडेसोळा मिनिटांवर जातो आणि सूर्य घड्याळाच्या पुढे असतो. फेब्रुवारीच्या मध्यास उलट चौदा मिनिटे मागे. वर्षातून चारदा, एप्रिल, जून, सप्टेंबर व डिसेंबरात, दोघांचा मेळ बसतो. सोळा आणि दोन मिळून अठरा. "तेव्हा यंत्र पुढे नाही, तुझे घड्याळ तडजोड करीत आहे."

मुलाने कागद घेऊन बेरीज करून पाहिली. मग तो म्हणाला की, तसे असेल तर घड्याळात अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी छाया नाहीशी झाली पाहिजे. आम्ही म्हटले, "पाहू या." आम्हांस आतून थोडी धास्ती वाटत होती, हे कबूल केले पाहिजे. दगड तीनशे वर्षांचा, खाली वाडा, त्याखाली नदी; एखादा कोपरा खचला असला तर फजिती. बंधूही गप्प उभे राहिले. छायेची कड रेघेसारखी तीक्ष्ण नसते. सूर्यबिंबच अर्ध्या अंशाचे असल्याने ती दोन मिनिटांच्या रुंदीइतकी फिकट असते. पश्चिमेच्या पंख्यावरील ती फिकट कड भिंतीच्या पायाकडे येत गेली, येत गेली, आणि बेचाळीसच्या आसपास दगडात शिरली. एखादे मिनिट इकडे की तिकडे, याबद्दल आम्ही शपथ घेणार नाही. पूर्वेच्या पंख्यावर तिचा मागमूस दिसू लागला तेव्हा नातू धावत त्या बाजूस गेला व तेथून ओरडला, "आली!" वहिनींनी तेवढ्यात विचारले की, मग आपल्या घरच्या श्राद्धाचा अपराह्ण आपण कोणत्या घड्याळाने धरतो? प्रश्न मोठा होता. बंधूंनी जेवणाची वेळ झाल्याची आठवण केली.

युरोपीय विद्वानांचा या वाड्याविषयी झालेला एक घोटाळा सांगण्यासारखा आहे. कंपनीच्या फौजेचा सेनापती सर रॉबर्ट बार्कर १७७२ मध्ये येथे आला, यंत्रांची अचूक बांधणी पाहून थक्क झाला, आणि १७७७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने वर्णन सादर केले. आर्चिबाल्ड कॅम्पबेल या अधिकाऱ्याने काढलेली चित्रे त्यासोबत होती. परंतु वाडा जुना म्हणून त्यावरील यंत्रेही जुनीच, असे समजून त्याने ती अकबराच्या काळची ठरविली. घर एकाचे आणि छत दुसऱ्याचे, हे त्याच्या ध्यानात आले नाही. पुढे विल्यम हंटरने १७९९ मध्ये जयसिंहाच्या कार्याचा सविस्तर परामर्श घेतला. म्हणजे यंत्रे बांधून पुरी पन्नास वर्षेही झाली नव्हती, तोच ती कोणी बांधली हे परक्यास सांगणारा जाणता माणूस भेटू नये अशी स्थिती आली होती. १७४३ मध्ये जयसिंह वारला आणि वेधांचे काम थंडावले. राजाच्या आवडीवर चालणारी विद्या राजाबरोबर जाते. १८४८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर आला तेव्हा त्याने चित्रे काढली ती दुर्लक्षित यंत्रांचीच.

या यंत्रांस पुन्हा शास्त्रीय दृष्टीने वाचून त्यांचे वर्णन लिहिणारा जो एतद्देशीय पंडित निघाला तो आपल्यापैकी होता, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. बापूदेवशास्त्री परांजपे यांचा जन्म १८२१ चा. शिक्षण नागपुरास व पुढे सिहोरास झाले. विल्किन्सन नावाच्या गुणग्राही साहेबाने त्यांची गणितातील गती हेरली. नंतर काशीच्या संस्कृत पाठशाळेत ते अध्यापक झाले व अखेरपर्यंत काशीतच राहिले. सूर्यसिद्धांताचे इंग्रजी भाषांतर, सिद्धांतशिरोमणीचे संपादन ही त्यांची मोठी कामे; मानमंदिरातील यंत्रांवरील त्यांची पुस्तिका लहान, पण प्रत्येक भिंतीची लांबी-रुंदी फूट-इंचांत देऊन यंत्राचा उपयोग सांगणारी. १८९० मध्ये ते निवर्तले. आम्ही छतावर उभे असताना मनात आले की, ब्रह्मघाट-दुर्गाघाटाकडील महाराष्ट्रीय वस्तीतून हातात मोजपट्टी घेऊन एखाद्या दुपारी हा गृहस्थ असाच येथे आला असेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी, १९११ च्या सुमारास, जयपूर दरबारने आपल्या ज्योतिषांकडून यंत्रांची दुरुस्ती करविली. सांप्रत वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. २०१९ पासून खालच्या दालनांत काशीच्या संस्कृतीचे दर्शन घडविणारे एक नव्या पद्धतीचे संग्रहालय आहे; अंधाऱ्या खोल्यांत पडद्यांवर घाट, गंगा व गायन यांची हलती चित्रे दिसतात. नातवास ते आवडले. आम्हांस मात्र राहून राहून वाटले की, ज्या वाड्याच्या सज्जातून खरी गंगा दिसते त्याच्या आत गंगेचे चित्र दाखविण्यात एवढा खर्च होतो, तर छतावर प्रत्येक यंत्रापाशी ते कसे वाचावे हे चार ओळींत, आणि आजच्या दिवशी घड्याळाशी किती मिनिटांचे अंतर आहे हे एका आकड्यात, लिहून ठेवणे कठीण नव्हते. रोज एक आकडा बदलावयाचा. खडू आणि फळा पुरे. तसे केले असते तर तो घोळका हसत खाली गेला नसता.

जाणाऱ्या वाचकांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. आकाश निरभ्र असेल अशा दिवशी, मध्यान्हापूर्वी तासभर तरी आधी वर चढावे. पावसाळ्यात जाऊ नये. वृद्धांनी जिन्याची दगदग जमत नसेल तर नावेतून सज्जा पाहून समाधान मानावे. आणि बरोबर एखादे शाळकरी मूल व साधे घड्याळ अवश्य न्यावे.

संध्याकाळी आरतीस जाण्यासाठी पुन्हा दशाश्वमेधावर आलो तेव्हा मानमंदिराची भिंत सावलीत गेली होती. नातवाने आपले घड्याळ अठरा मिनिटे पुढे करून ठेवले होते, आणि आजीस दूरध्वनीवरून तो सांगत होता की आम्ही आता काशीच्या वेळेने चालतो. दुसरे दिवशी गाडी चुकता चुकता राहिली नाही ती केवळ तो अठरा मिनिटे पुढेच होता म्हणून.